बाणासाठी रेंजफाइंडर घेताय? मग बॉक्सवरचे हजार यार्ड आधी विसरा

रेंजफाइंडर म्हणजे लांबचं अंतर मोजायचं हातातलं लेझरचं मशीन, आणि त्याच्या बॉक्सवर सगळ्यात मोठ्या अक्षरात जे छापलेलं असतं तेच आपल्या सगळ्यात कमी कामाचं असतं. ७०० यार्ड, १००० यार्ड, १२०० यार्ड. अहो, कंपाऊंडचं (टोकांना चाकं असलेल्या धनुष्याचं) मैदानातलं टार्गेट ५० मीटरवर असतं, रिकर्व्हचं (पुढं वळलेल्या टोकांच्या साध्या धनुष्याचं) ७० वर, आणि अमेरिकेत धनुष्यानं हरणाची शिकार करणारी समजूतदार माणसं ३०-४० यार्डाच्या पुढं बाण सोडायचा विचारच करत नाहीत. मग त्या हजाराचं करायचं काय? तरी पैसे त्याच आकड्याचे जातात आणि जे खरंच लागतं ते बघायचं राहून जातं, म्हणून हे सगळं जरा सविस्तर लिहितोय.

साताऱ्यात कुठला रेंजफाइंडर घ्यायचा हे विचारणारे बरेच भेटतात आणि त्याचं कारण उघड आहे. २०२३ ला बर्लिनच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये आपल्या अदिती स्वामीनं १७ व्या वर्षी कंपाऊंडचं वैयक्तिक गोल्ड घेतलं, तिथंच ओजस देवतळेनं पुरुषांचं घेतलं, तो नागपूरचा पण सराव साताऱ्यात केलेला. त्याच्या आधी फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिक खेळून आला. त्यामुळं घरोघरची पोरं आता साइट (धनुष्यावरचं नेम धरायचं साधन, ते अंतराप्रमाणं लावायचं असतं), रिलीज (दोरी सोडायचं साधन), पाउंडेज (धनुष्याचा जोर) असलं बोलतात. आणि दुसरी मंडळी म्हणजे कराड-सांगलीकडनं अमेरिकेला जाऊन स्थायिक झालेले आपले भाऊ-भाचे, तिथं लायसन काढून सीझनला बो-हंटिंग करतात, ते पण हेच विचारतात.

पुढं जायच्या आधी एक ठामपणे सांगतो. हंटिंगबद्दल खाली जे येईल ते तिकडचं. आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीला बंदी आहे, बंदुकीनं असो नाहीतर बाणानं, ससा असो नाहीतर रानडुक्कर. उसात डुकरं घुसून नासधूस करतात हे खरंय, मी पण शेतकऱ्याच्याच घरातला आहे, पण त्याचा मार्ग वनखात्याकडनं जातो, आपल्या धनुष्यातनं नाही. आपण इथं बाण मारायचा तो टार्गेटवर, मागं मातीचा बांध असलेल्या जागी.

आता हे मशीन करतं काय ते बघू. बटण दाबलं की त्यातनं डोळ्याला न दिसणारे इन्फ्रारेड लेझरचे बारीक ठोके बाहेर पडतात, समोरच्या वस्तूवर आपटून थोडा उजेड परत येतो, आणि जाऊन यायला किती वेळ लागला त्यावरनं अंतर निघतं. कड्यासमोर उभं राहून हाक मारल्यावर ती किती वेळानं परत ऐकू येते त्यावरनं आपण दरीची रुंदी ताडतो ना, तसंच हे, फक्त आवाजाऐवजी उजेड. उजेड सेकंदाला जवळजवळ ३ लाख किलोमीटर धावतो, म्हणजे ४० मीटरवरनं परत यायला साधारण २६७ नॅनोसेकंद, आणि एक मीटर इकडं तिकडं झालं की फरक पडतो जेमतेम पावणेसात नॅनोसेकंदाचा. एवढं बारीक मोजायचं म्हणून मशीन एक नाही, भरपूर ठोके मारतं आणि सरासरी काढतं. एवढं कळलं की स्वस्त आणि महाग मशीनमधला बराच फरक कळतो, स्वस्तात कधी कधी आकडा यायला वेळ लागतो, कधी येतच नाही, पण जेव्हा येतो तेव्हा सहसा बरोबर असतो.

आणि किती बरोबर पाहिजे? बऱ्याच मशीनवर एक यार्ड कमी-जास्त असं लिहिलेलं असतं आणि लोक त्याला घाबरून दुप्पट पैसे मोजतात. आपण हिशोब करू. कंपाऊंडचा बाण समजा सेकंदाला ८५ मीटर वेगानं जातोय, म्हणजे ज्याला २८० फूट म्हणतात तो वेग. साइट ४० मीटरला लावली आणि टार्गेट निघालं ४१ वर, तर बाण साधारण ३ सेंटिमीटर खाली लागतो. हे चालतं. पण टार्गेट ४५ वर निघालं तर तोच बाण १५ सेंटिमीटर खाली जातो. आणि रिकर्व्ह असेल, बाण सेकंदाला ६० मीटरच्या आसपास, तर तीच पाच मीटरची चूक ३० सेंटिमीटर खाली नेते. हवेचा अडथळा मी यात धरलेला नाही, तो धरला तर अजून थोडं वाढेल. म्हणजे मीटरभराच्या बारीकीला पैसे घालायचे नाहीत, पाच मीटरची चूक टळली पाहिजे त्याला घालायचे. उघड्या माळावर किंवा घळीच्या पलीकडं बघताना नुसत्या डोळ्याची चूक पाच मीटरची सहज होते, चांगल्या चांगल्यांची होते.

आता मुख्य गोष्ट, चढ-उतार. सातारा-सांगलीकडं मैदान सोडलं की सरळ जमीन आहे कुठं, एकतर डोंगराचा उतार नाहीतर ओढ्याचा काठ, आणि इथंच माणसं फसतात. तुम्ही उतारावर उभे आहात, टार्गेट खाली, ३० अंशाचा उतार, मशीन सांगतं ४० मीटर. तुम्ही ४० ची साइट लावून बाण सोडलात तर तो १४-१५ सेंटिमीटर वर लागणार, ८० सेंटिमीटरच्या फेसवर, म्हणजे टार्गेटच्या गोल कागदावर, दहाऐवजी सात गुण, आणि तेही सगळा फॉर्म, म्हणजे बाण मारायची पद्धत, बरोबर असताना. का? कारण पृथ्वी बाणाला ओढते ती सरळ खाली. बाण सपाट चाललाय तेव्हा ती सगळी ओढ त्याच्या मार्गाला आडवी लागते आणि त्याला पूर्ण खाली पाडते. बाण तिरका चाललाय तेव्हा त्या ओढीचा थोडा भाग बाणाच्याच रेषेत जातो, म्हणजे त्याचा वेग किंचित वाढव किंवा कमी कर एवढंच करतो, आणि आडवा भाग कमी उरतो. म्हणून बाण तेवढाच लांब जाताना खाली कमी येतो. म्हणून साइट लावायची ती तिरक्या अंतराची नाही, जमिनीला समांतर मोजलेल्या आडव्या अंतराची. आणि नीट लक्षात घ्या, वर मारा नाहीतर खाली मारा, दोन्ही वेळेला अंतर कमीच धरायचं.

आकडे पाठ करण्याएवढे सोपे आहेत. तिरकं अंतर ४० मीटर असेल तर १० अंशाला आडवं ३९.४, म्हणजे सोडून द्या. २० अंशाला ३७.६. ३० अंशाला ३४.६. म्हणजे दहाला काही नाही, वीसला सहा टक्के कापा, तीसला तेरा टक्के. बाकी काही नको, मोबाईलमध्ये कोन दाखवणारं फुकट ॲप असतं, ते आणि एवढे तीन आकडे असले तर कोनाचं फीचर नसलेलं अगदी साधं मशीन पण चालून जातं. हे कुठलाच दुकानदार सांगत नाही.

अमेरिकेतल्या भाच्यांसाठी: तुम्ही झाडावर मचाण बांधून बसता, साधारण ६ मीटर उंच. हरीण बुंध्यापासून २० मीटरवर आलं तर तिरकं अंतर होतं २०.९. फरक मीटरभराचा पण नाही. म्हणजे सपाट रानात मचाणावरनं जवळचा बाण मारायचा असेल तर अँगलवालंच पाहिजे म्हणून हट्ट धरू नका, तिथं ते जाहिरातीत दाखवतात तेवढं कामाचं नाही. तेच डोंगरात, दरीत मारत असाल तर मात्र घ्याच.

आता सगळ्यात मोठा खड्डा सांगतो, कारण आपल्याकडं ऑनलाइन जे स्वस्त मिळतं त्यातलं बरंचसं गोल्फसाठी बनवलेलं असतं. त्यावर पण स्लोप मोड, म्हणजे चढ-उताराचा हिशोब करणारी सोय, लिहिलेला असतो आणि माणूस म्हणतो झालं, कोनाचं काम झालं. नाही झालं! गोल्फचा स्लोप वेगळा हिशोब करतो. गोल्फचा बॉल उंच जाऊन शेवटी खाली कोसळत येतो, त्यामुळं टार्गेट उंचावर असेल तर तो लवकर जमिनीला टेकतो आणि लांबचा फटका मारायला लागतो, म्हणून मशीन चढाला अंतर वाढवून दाखवतं. उताराला कमी करतं. बाणाला तर दोन्हीकडं कमीच पाहिजे. म्हणजे चढावर गोल्फचा स्लोप लावून बाण मारला तर चूक दुप्पट व्हायची, जिथं कमी करायचं तिथं तुम्ही वाढवलं. गोल्फचंच मशीन हातात असेल तर स्लोप बंद करा, साधं अंतर घ्या आणि वरचे टक्के कापा.

बाणासाठी पाहिजे तो मोड वेगवेगळ्या कंपन्या वेगळ्या नावानं देतात. व्होर्टेक्सवाले त्याला एचसीडी म्हणतात, बुशनेल एआरसी म्हणतं आणि त्यात बो (धनुष्याचा) मोड निवडायला लागतो, ल्युपोल्डचं टीबीआर, निकॉनच्या मॉडेलच्या नावात आयडी असतं. नावात अडकायचं नाही, मॅन्युअलमध्ये आडवं अंतर दाखवतो असं लिहिलंय का तेवढं बघायचं.

आणि मॅन्युअलवर पण विश्वास नसेल तर घरी तपासा. दोन-तीन मजली घरासमोर उभं राहा, भिंतीपासून टेपनं मोजून १५ मीटर. गच्चीचा कठडा तुमच्या डोळ्यापासून साधारण ८ मीटर वर असेल तर तिरकं अंतर येतं बरोबर १७. आता खालनं वर कठड्यावर नेम धरून मोजा. बाणाचा मोड असेल तर १५ दाखवेल. गोल्फचा असेल तर १७ पेक्षा जास्त. ही टेस्ट खालनंच वर करायची, वरनं खाली केली तर गोल्फवालं पण कमीच दाखवतं आणि फसगत कळतच नाही. परत करायची मुदत असते त्या आठवड्यातच हे करून घ्या.

गोल्फ आणि हंटिंगच्या मशीनमध्ये अजून एक फरक असतो आणि तो गवतात उभं राहिल्यावर कळतो. लेझर म्हणजे सुईसारखी रेघ नसते, लांब जाईल तसा तो पसरतो, त्यामुळं ४० मीटरवरच्या टार्गेटवर नेम धरला तरी मधल्या गवताच्या तुऱ्यावर थोडा उजेड आपटतो आणि थोडा टार्गेटवर. दोन उत्तरं आली, मग मशीननं कुठलं दाखवायचं? गोल्फवालं जवळचं दाखवतं, कारण त्यांना मागच्या झाडाऐवजी पुढचा झेंडा पाहिजे असतो. हंटिंगवालं लांबचं दाखवतं, कारण त्यांना गवताच्या मागचं जनावर पाहिजे. पावसाळ्यानंतर आपल्या माळावर कमरेएवढं गवत असतं तेव्हा जवळचं दाखवणारं मशीन वैताग आणतं, सारखं १२ मीटर, १४ मीटर दाखवत बसतं. दोन्ही मोड बदलता येत असतील तर उत्तम. एकच मिळत असेल तर लांबचा घ्या. मोकळ्या मैदानावर मारणार असाल तर कुठलाही चालतो. जवळ काही आडवं येत असेल तर टार्गेटशेजारचं झाड किंवा दगड मोजायचा, तिकडचे शिकारी पण तेच करतात, मचाणावर बसल्या बसल्या आजूबाजूची चार झाडं आधीच मोजून ठेवतात, म्हणजे हरीण आल्यावर हात हलवायला लागत नाही.

धुक्यात मात्र कुठल्याच स्वस्त मशीनचा भरवसा धरू नका. महाबळेश्वर-कासकडं पावसाळ्यात ढग जमिनीवर उतरतात, तेव्हा लेझर त्या थेंबांवरनंच परत येतो आणि पुढ्यात पाच-सात मीटरवर काहीतरी आहे असं दाखवतो.

डिस्प्लेबद्दल थोडं. स्वस्तात काळे आकडे असतात, दुपारी झकास दिसतात, पण दिवस मावळताना किंवा झाडीत काळ्यावर काळं, काही म्हणजे काही दिसत नाही. लाल आकडेवाले अंधारात छान, भर उन्हात जरा फिके. मैदानावर सकाळ-दुपार सराव करणाऱ्या पोरांना काळे पुरतात. हंटिंगवाल्यांचं सगळं काम पहाटे आणि संध्याकाळी असतं, त्यांनी लालसाठी थोडे जास्त घालावेत. झूम ६ पट सगळीकडं मिळतो, पण बाणाच्या अंतराला ४ किंवा ५ बरा, कारण झूम जेवढा कमी तेवढं चित्र रुंद दिसतं आणि हाताची थरथर कमी कळते. सगळ्यात जवळचं अंतर किती मोजतं ते पण बघा, ५ यार्डापासून मोजणारं असावं. लेझरपुढं क्लास १ लिहिलंय का बघा, म्हणजे डोळ्याला धोका नाही. पाण्यासाठी आयपीएक्स ४ म्हणजे शिंतोडे सहन करतं, आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, आपल्या पावसाला ४ वाल्याबरोबर एक प्लास्टिकची पिशवी ठेवली तरी भागतं.

बॅटरी दोन प्रकारची. एक सीआर२ नावाची छोटी जाडसर, ती कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही, फोटोच्या सामानाच्या दुकानात किंवा ऑनलाइन मागवायची, म्हणून एक जादा ठेवायची. दुसरी आतलीच चार्जिंगवाली, ती सोयीची, पण काही वर्षांनी ती बॅटरी थकली की मशीनच निकामी. मला सीआर२ वालं बरं वाटतं, आणि पावसाळ्यात मशीन महिनोन् महिने कपाटात राहणार असेल तर बॅटरी काढून ठेवायची.

आणि एक छोटी वाटणारी पण नेहमी नडणारी गोष्ट. हंटिंगची बहुतेक मशीन अमेरिकन बाजारासाठी केलेली, डब्यातनं काढल्यावर यार्डात मोजतात. आपली साइट लावलेली असते मीटरवर. ५० मीटर म्हणजे ५४.७ यार्ड. मशीन ५० दाखवतंय म्हणून ५० ची साइट लावली तर टार्गेट खरं ४५.७ मीटरवरच असतं, मग बाण वर जातो आणि पोरगं बिचारं आपलाच फॉर्म बिघडला समजून रडकुंडीला येतं. मशीन हातात आल्या आल्या बटण दाबून मीटर करून टाकायचं, बॅटरी बदलल्यावर परत बघायचं.

किमतीचं साधारण असं आहे. अमेरिकेत शंभर डॉलरच्या आतबाहेर फारसं नाव नसलेल्या कंपन्यांची मिळतात, दीडशे-दोनशेच्या आसपास नावाजलेल्या कंपन्यांची सुरुवातीची, आणि बाणाचा वेग वगैरे भरून घेऊन हिशोब करणारी खास आर्चरीची चारशे-पाचशेच्या घरात. त्या महागड्यातली काही बाण मधे किती उंच जाईल ते पण दाखवतात आणि ती गोष्ट खरंच विचार करण्यासारखी आहे, ४० मीटरच्या बाणाला निम्म्या वाटेवर नजरेच्या रेषेपेक्षा वीत-सव्वा वीत वरनं जायला लागतं, म्हणजे डोळ्याला वाट मोकळी दिसली तरी वरची फांदी बाणाला आडवी येते. पण हे एकदा माहीत झालं की त्याच्यासाठी तिप्पट पैसे द्यायची गरज नाही. इथनं परदेशातलं मागवलं तर वर कस्टम आणि जीएसटी बसतो, दिवाळीला येणाऱ्या कुणाला आणायला सांगितलं तर स्वस्त पडतं पण वॉरंटी बहुतेक वेळा तिकडचीच असते. माझं मत विचाराल तर नावाजलेल्या कंपनीचं सुरुवातीचं, आडवं अंतर दाखवणारं, एवढं पुरे.

आणि ज्यांचं पोरगं फक्त मैदानावर मारतं त्यांना तर मी घेऊच नका म्हणतो. तिथं अंतर ठरलेलं असतं, ५० मीटरचा फायबरचा टेप आणा, काही शे रुपयात काम होतं आणि कुठल्याही लेझरपेक्षा नेमकं. बांधकामवाले लाल ठिपक्याचं लेझर मीटर वापरतात ते खोलीत मिलिमीटरपर्यंत बरोबर दाखवतं, पण बाहेर उन्हात ४० मीटरवर तो ठिपका डोळ्याला दिसत नाही, त्याच्या नादी लागू नका. मोबाईलच्या कॅमेऱ्यानं अंतर सांगणारी ॲप तर वस्तूची उंची धरून अंदाज करतात, उंची चुकली की सगळं चुकलं.

हंटिंगवाल्यांना एक मनापासून सांगायचंय. मशीननं ५० मीटर बरोबर सांगितलं म्हणजे ५० मीटरवर बाण सोडायला परवानगी मिळाली असं नाही. हरणाचा काळीज-फुप्फुसाचा भाग जेमतेम २०-२५ सेंटिमीटरचा असतो. धनुष्याचा आवाज सेकंदाला ३४० मीटर जातो, ४० मीटरवर तो हरणाला ०.१२ सेकंदात ऐकू येतो आणि बाण पोचायला लागतात ०.४७. मधल्या तिसऱ्या हिश्श्याच्या सेकंदात दचकलेलं हरीण पळायला म्हणून खाली दबतं आणि बाण भलतीकडं लागतो, जनावर जखमी होऊन रानात तडफडत मरतं. कुठलाच रेंजफाइंडर ते मोजत नाही. आणि धनुष्यावर बसवायच्या इलेक्ट्रॉनिक साइटवर तिकडच्या काही राज्यांत बंदी आहे, हातातल्या मशीनचा नियम वेगळा असतो, आपल्या राज्याचं पुस्तक उघडून बघा.

इथल्या पोरांपैकी ज्यांना फील्ड आर्चरीत, म्हणजे रानात, चढ-उतारावर लावलेली टार्गेटं मारायच्या प्रकारात, उतरायचंय त्यांच्यासाठी मात्र हे मशीन सोन्यासारखं आहे, आणि मजा म्हणजे स्पर्धेत ते नेता येत नाही. वर्ल्ड आर्चरीच्या फील्ड स्पर्धेत २४ टार्गेटं अंतर न सांगता असतात आणि २४ सांगून, न सांगितलेल्यात कंपाऊंड-रिकर्व्हला १० ते ५५ मीटरमध्ये कुठंही असतं, डोळ्यानं ओळखायचं. म्हणून सरावाला जाताना मशीन खिशात ठेवायचं, आधी दगड, झाड, बांध बघून अंदाज मोठ्यानं बोलायचा, बरोबरच्यानं तो वहीत लिहायचा, मग मोजायचं आणि बाजूला खरा आकडा लिहायचा. उन्हाला, सावलीला, चढाला, उताराला, ओढ्याच्या पलीकडं, वेगळं वेगळं. काही दिवसांनी वही उघडली की आपला डोळा कुठं नेहमी कमी सांगतो आणि कुठं जास्त ते त्यात स्पष्ट दिसतं, सावलीतलं टार्गेट लांब वाटतं, घळीपलीकडचं जवळ वाटतं, कुणाचं उलटं पण असेल, आणि पुढच्या वेळी तेवढं वजा-बेरीज करून साइट लावायची.